गोचिडीतून येणारा बाबेसिया आणि कमी प्रतिकारशक्ती: ताप उतरला तरी औषध कधी थांबवायचं?

पेशीवाचक

गोचीड चावली की लाइम हा जिवाणूंचा आजार आठवतो. डॉक्सिसायक्लिन सुरू झालं की सगळे निर्धास्त होतात. पण त्याच गोचिडीच्या लाळेतून बाबेसिया नावाचा परजीवीही तांबड्या पेशीत शिरू शकतो, आणि डॉक्सिसायक्लिन त्याला मारत नाही. तीच गत चावल्यावर लाइम टाळायला देतात त्या २०० मिलिग्रॅमच्या एका डोसची. हे माहीत नसल्याने उपचार लांबतात, म्हणून हा धागा.

ज्याची प्रतिकारशक्ती शाबूत आहे त्याच्यात हा आजार बऱ्याचदा लक्षणांशिवायच येऊन जातो, नाहीतर आठवडा-दोन आठवडे ताप, घाम, थकवा एवढ्यावर भागतं. ज्यांची प्लीहा (पानथरी) काढलेली आहे किंवा असून काम करत नाही, ज्यांना लिम्फोमा आहे, जे रिटुक्सिमॅब (बी पेशी मारणारं औषध) घेतात, ज्यांना अवयव किंवा मज्जा प्रत्यारोपण झालंय, एचआयव्हीमुळे ज्यांच्या सीडी४ पेशी फार घटल्या आहेत, त्यांच्यात मात्र हाच परजीवी जिवावर बेततो. अशा रुग्णांपैकी रुग्णालयात दाखल होण्याइतके आजारी पडलेल्यांत मृत्यूचं प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत.

थोडा इतिहास. १८८८ मध्ये रुमानियात व्हिक्टर बाबेश यांनी हा परजीवी गुरांच्या रक्तात पाहिला, नाव त्यांच्यावरूनच पडलं. माणसातली पहिली नोंद १९५७ सालची, तेव्हाच्या युगोस्लाव्हियातली, आणि तो रुग्ण प्लीहा काढलेला होता. शाबूत प्लीहा असलेल्या माणसात तो सापडला १९६९ मध्ये, अमेरिकेतल्या नॅन्टकेट बेटावर. म्हणजे माणसात या रोगाची ओळखच मुळी प्लीहा नसलेल्या रुग्णापासून झाली.

प्लीहेचं महत्त्व का, तेही सांगतो. तिच्यात अतिशय अरुंद फटी असतात. निरोगी तांबडी पेशी लवचीक असते, ती दुमडून त्यातून निसटते. परजीवी आत असलेली पेशी ताठ होते, फटीत अडकते आणि तिथल्या भक्षक पेशी तिला गिळतात. ही चाळणीच नसेल तर बाधित पेशी रक्तात फिरत राहतात आणि बाधेचं प्रमाण भराभर चढतं. रिटुक्सिमॅबवाल्यांची अडचण वेगळी आहे. त्यांची चाळणी जागेवर असते, पण बी पेशी नसल्यामुळे अँटिबॉडी बनत नाहीत. एका पेशीतून फुटून दुसरीत शिरण्याच्या मधल्या काळात परजीवी उघड्यावर असतो, तिथे त्याला पकडणारं कोणी उरत नाही. म्हणून यांच्यात आजार धुमसत राहतो आणि औषध बंद झालं की पुन्हा डोकं वर काढतो.

काचपट्टी

फार नेमका विषय घेतलात. निदानाबद्दल मी लिहितो, कारण चूक तिथेच होते.

मुख्य तपासणी म्हणजे जिम्सा रंगाची पातळ रक्तपट्टी. जाड थेंबाच्या पट्टीवर विसंबू नये. त्यात तांबड्या पेशी फुटून जातात आणि बाबेसिया इतका बारीक असतो की ठिपक्यांच्या गर्दीत हरवतो. रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत घेतलं असेल तर तासाभरात पट्टी ओढावी, नळी पडून राहिली की परजीवीचा आकार बिघडतो. पट्टी पूर्ण वाळू द्या, मिथेनॉलने पक्की करा, मग ७.२ पीएचच्या बफरमध्ये २.५ टक्के जिम्सा ४५ मिनिटं. पीएच खाली घसरला तर परजीवीचा निळा भाग फिका पडतो आणि नजरेतून सुटतो.

१०० च्या ऑइल लेन्सखाली काय दिसतं: पेशीच्या आत निळसर बारीक कडं, त्यावर जांभळट-लाल ठिपका, मध्ये पांढरी पोकळी. एकाच पेशीत दोन, तीन, चार कडी असू शकतात, आकारही सारखे नसतात. काही परजीवी पेशीच्या बाहेरही पडलेले दिसतात. चार परजीवी टोकाला टोक लावून चौकडीत बसले की त्याला माल्टीज क्रॉस म्हणतात. ती दिसली तर निदान पक्कं, पण ती क्वचित दिसते. चौकडी नाही म्हणून बाबेसिया नाही, असा निष्कर्ष काढू नका.

फाल्सिपेरम मलेरियाशी गल्लत हमखास होते. फरक तीन: बाबेसियात तपकिरी रंगद्रव्याचे कण कधीच नसतात, केळ्याच्या आकाराची रूपं नसतात, आणि पेशीबाहेर परजीवींचे पुंजके मलेरियात सहसा दिसत नाहीत.

प्लीहा नसलेल्या रुग्णात आणखी एक चकवा आहे. त्यांच्या तांबड्या पेशींत हॉवेल-जॉली कण (केंद्रकाचे उरलेले तुकडे) असतात. हा कण एकसंध, गडद जांभळा, वाटोळा, कडा गुळगुळीत आणि बहुधा पेशीत एकच. त्याच्याभोवती निळं कडं किंवा पांढरी पोकळी नसते. दोन्ही गोष्टी एकाच पट्टीत, कधी शेजारशेजारच्या पेशींत दिसतात. त्यामुळे 'प्लीहा काढलेली आहे, हे हॉवेल-जॉलीच असणार' म्हणून लेन्स पुढे सरकवू नये. पेशीवर बसलेली प्लेटलेटही फसवते. फोकस वरखाली केला की ती पेशीच्या वर आहे हे कळतं, आणि तिच्याभोवती फिकट वलय असतं.

नवशिका_लॅब

बाधेचं प्रमाण मोजताना कडी मोजायची की पेशी? आणि मलेरियाची रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली तर पट्टी पाहायची गरज उरते का?

काचपट्टी

@नवशिका_लॅब, पेशी मोजायच्या. एका पेशीत तीन कडी असली तरी ती एकच बाधित पेशी. जिथे पेशी एका थरात, एकमेकींना जेमतेम टेकलेल्या आहेत असा भाग निवडा. प्रमाण जास्त असेल तर ५०० पेशी पुरतात, कमी असेल तर २००० मोजा. २००० पैकी ६० बाधित म्हणजे ३ टक्के. रिपोर्टात नुसतं 'परजीवी दिसले' लिहू नका, टक्केवारी लिहाच, कारण पुढचे सगळे निर्णय त्या आकड्यावर होतात. आणि रोजची मोजणी शक्यतो एकाच माणसाने करावी, नाहीतर ३ चे ५ झाले ते रोगामुळे की नजरेमुळे हे कळत नाही.

रॅपिड टेस्ट मलेरियाचे पदार्थ शोधते. ती निगेटिव्ह आली म्हणून बाबेसिया नाकारता येत नाही. रक्ताच्या काउंट मशीनवरही भरवसा नको. डोळ्याने पट्टी पाहायलाच हवी.

पेशीवाचक

पीसीआर, म्हणजे परजीवीचा डीएनए शोधणारी तपासणी, त्याबद्दल भर घालतो. पट्टीत न सापडणारी कमी बाधा पीसीआर पकडतो. पण बऱ्याच ठिकाणची पीसीआर फक्त बाबेसिया मायक्रोटीसाठीच असते. युरोपात बाबेसिया डायव्हर्जन्स असतो, अमेरिकेच्या पश्चिम भागात बाबेसिया डंकनाय. रुग्ण कुठे राहिला, कुठे फिरला हे न विचारता मागवलेली पीसीआर निगेटिव्ह येऊन फसवू शकते.

अँटिबॉडी तपासणी या रुग्णांत फार कामाची नाही. रिटुक्सिमॅब घेणाऱ्याच्या रक्तात परजीवी असूनही ती निगेटिव्ह येऊ शकते, आणि पॉझिटिव्ह आली तरी बाधा आत्ताची की जुनी हे सांगत नाही.

बाकीच्या रक्ततपासण्यांत पेशी फुटत असल्याच्या खुणा पाहा: हिमोग्लोबिन उतरलेलं, एलडीएच आणि इनडायरेक्ट बिलिरुबिन चढलेलं, हॅप्टोग्लोबिन जवळपास नाहीसं, रेटिक्युलोसाइट (नव्या, कोवळ्या तांबड्या पेशी) वाढलेले. प्लेटलेट कमी होणं तर नेहमीचंच. ताप, काळपट लघवी, कमी प्लेटलेट आणि प्लीहा नाही, एवढं जुळलं तर गोचीड चावल्याची आठवण नसली तरी पट्टी मागवा. निम्फ (अळी आणि प्रौढ यांच्या मधली अवस्था) गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते, चावलेलं कळतच नाही. चावल्यापासून लक्षणं दिसायला साधारण १ ते ४ आठवडे लागतात.

औषधमात्रा

आता उपचार. अमेरिकेच्या संसर्गरोग तज्ज्ञांच्या संस्थेची २०२० ची मार्गदर्शक सूत्रं आहेत, त्यातलं मोठ्या माणसाचं प्रमाण देतो. मात्रा ठरवणं उपचार करणाऱ्या डॉक्टरचंच काम. पण रुग्णाला आणि घरच्यांना हे माहीत असलं तर चुकीचं काही चाललं असेल तर विचारता येतं.

पहिली निवड: ॲटोव्हाक्वोन ७५० मिलिग्रॅम दर १२ तासांनी, सोबत अझिथ्रोमायसिन. इतर रुग्णांत अझिथ्रोमायसिन पहिल्या दिवशी ५०० आणि मग रोज २५० मिलिग्रॅम देतात. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत रोज ५०० ते १००० मिलिग्रॅम. हा फरक फार मोलाचा आहे. लिम्फोमाच्या रुग्णाला २५० वर ठेवलं जातं, ताप उतरतो, सगळे समाधानी होतात आणि महिन्याभरात परजीवी परत येतो. आजार तीव्र असेल तर अझिथ्रोमायसिन शिरेतून ५०० मिलिग्रॅम, ॲटोव्हाक्वोन तोंडानेच.

दुसरी निवड: क्लिंडामायसिन आणि क्विनीन. परिणाम चांगला, पण क्विनीन सोसत नाही. कानात शिट्टी वाजते, ऐकू कमी येतं, चक्कर येते, साखर उतरते. क्विनीन आणि अझिथ्रोमायसिन दोन्ही ईसीजीमधला क्यूटी (हृदयाच्या प्रत्येक ठोक्यातला एक कालावधी; तो फार लांबला तर ठोके बिघडतात) लांबवतात, म्हणून आधीच्या औषधांची यादी घेऊन ईसीजी काढल्याशिवाय सुरुवात करू नये. प्रत्यारोपणाच्या रुग्णांना बुरशीवरची जी औषधं चालू असतात, त्यांतली काही क्यूटी लांबवणारीच आहेत.

ॲटोव्हाक्वोन फसतं कुठे? पोटात. ते पातळ औषध आहे, ५ मिलिलिटरमध्ये ७५० मिलिग्रॅम. बाटली हलकेच पण नीट हलवली नाही तर औषध तळाशी बसतं, आधीचे डोस पातळ जातात आणि शेवटचे घट्ट. आणि ते उपाशीपोटी घ्यायचं नाही. स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणासोबत रक्तातलं प्रमाण जवळपास दुप्पट होतं. मळमळणाऱ्या, न जेवणाऱ्या रुग्णाला मात्रा कागदावर पूर्ण मिळते, रक्तात निम्मीच पोचते. त्यात उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड चालू असेल तर ॲटोव्हाक्वोन आणखी खाली येतं. रिफाम्पिसिन तर सोबत देऊच नये.

मलेरियाच्या सवयीने क्लोरोक्विन दिलं जातं. बाबेसियावर ते चालत नाही.

शंकाकर

ॲटोव्हाक्वोन-अझिथ्रोमायसिन ७ ते १० दिवस द्यावं असंच सगळीकडे वाचलंय. तुम्ही वर महिन्याभराने परत येण्याबद्दल लिहिलंय. मग किती दिवस द्यायचं? आणि पीसीआर निगेटिव्ह होईपर्यंत थांबायचं का?

औषधमात्रा

@शंकाकर, ७ ते १० दिवस हे शाबूत प्रतिकारशक्तीच्या माणसासाठी. प्रतिकारशक्ती फार खालावलेली असेल, विशेषतः रिटुक्सिमॅब, बी पेशींचा लिम्फोमा, किंवा कर्करोगासोबत प्लीहाही नाही अशा रुग्णात, किमान ६ आठवडे. आणि त्यातले शेवटचे २ आठवडे पट्टीत एकही परजीवी दिसता कामा नये.

ही दुसरी अट लोक विसरतात. समजा पाचव्या आठवड्याच्या शेवटी पट्टी पहिल्यांदा स्वच्छ आली. मग सहावा आठवडा संपला म्हणून थांबायचं नाही. त्या दिवसापासून २ आठवडे मोजायचे, म्हणजे सात होतात. मध्ये एक परजीवी दिसला तर मोजणी पुन्हा शून्यापासून. म्हणून या रुग्णांत औषध कॅलेंडर बघून थांबवायचं नाही, पट्टी बघून थांबवायचं. ताप तर पहिल्या दोन-तीन दिवसांतही उतरू शकतो, त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

पीसीआरचं म्हणाल तर परजीवीचा डीएनए पट्टी स्वच्छ झाल्यावरही कितीतरी आठवडे सापडत राहू शकतो. नुसत्या पीसीआरवर औषध लांबवू नये. पण पट्टी स्वच्छ आणि तरीही लक्षणं चालूच, अशा वेळी पीसीआर जरूर करावी.

पेशीवाचक

सहमत. आणि लांबलेल्या उपचाराची दुसरी बाजूही सांगायला हवी. परजीवी रक्तात असताना अपुरी मात्रा महिनोन्महिने चालू ठेवली तर तो औषधाला सरावतो. सायटोक्रोम बी जनुकातल्या बदलाने ॲटोव्हाक्वोन निकामी होतं, आरपीएल४ प्रथिनातल्या बदलाने अझिथ्रोमायसिन. बाधेची टक्केवारी आधी उतरून पुन्हा चढायला लागली, आणि औषध नीट जेवणासोबत घेतलं जातंय, तर असा बदल झालाय का हे बघायची वेळ आली. मग क्लिंडामायसिन जोडतात किंवा औषधांची जोडी बदलतात. अलीकडे अशा हट्टी रुग्णांत टॅफेनोक्विन यशस्वी ठरल्याचे अहवाल आहेत. पण त्याआधी जी६पीडी तपासणी हवीच. ते एन्झाइम कमी असलेल्याच्या तांबड्या पेशी टॅफेनोक्विनने फुटतात, आणि इथे पेशी आधीच फुटत असतात.

शक्य असेल तिथे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध कमी करता येईल का, हे त्या त्या विभागाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवावं. नुसत्या औषधावर परजीवी शेवटपर्यंत साफ होईलच असं नाही, शरीराचाही हातभार लागतो. रिटुक्सिमॅबचा परिणाम शेवटच्या डोसनंतर कित्येक महिने राहतो, त्यामुळे 'ते तर केव्हाच बंद केलं' हे उत्तर पुरेसं धरू नका. तारीख विचारा.

रक्तपेढीकर

रक्त बदलण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. बाधा १० टक्क्यांच्या वर, किंवा पेशी फुटून तीव्र ॲनिमिया, किंवा फुप्फुस, मूत्रपिंड, यकृत खचायला लागलं, तर तांबड्या पेशी बदलण्याचा विचार करतात. यंत्रातून रुग्णाच्या पेशी काढून दात्याच्या घालतात. शरीरातल्या पेशींच्या आकारमानाएवढी एक फेरी झाली की मूळच्या पेशी साधारण ३५ ते ४० टक्के उरतात. म्हणजे २० टक्के बाधा ७-८ वर येते. परजीवी मरत नाही, फक्त त्याचा साठा कमी होतो. औषध चालू नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आकडा परत चढतो. म्हणून फेरीनंतर लगेच आणि मग रोज पट्टी, ४ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत.

रक्तातून लागण होते तो भागही महत्त्वाचा. बाबेसिया तांबड्या पेशीच्या आत असतो, त्यामुळे पांढऱ्या पेशी गाळण्याच्या फिल्टरने तो निघत नाही, आणि शीतकपाटातल्या पिशवीत आठवडेच्या आठवडे जगतो. अमेरिकेत २०१८ मध्ये दात्यांच्या तपासणीला मंजुरी मिळाली. २०१९ पासून बाबेसियाचा प्रादुर्भाव असलेल्या १४ राज्यांत आणि वॉशिंग्टन डीसीमध्ये रक्तदानाच्या प्रत्येक पिशवीची तपासणी किंवा परजीवी निष्प्रभ करण्याची प्रक्रिया सुचवली आहे. रक्त दिल्यानंतर ६ महिन्यांत कारण न सापडणारा ताप आणि पेशी फुटणं दिसलं, तर गोचिडीचा संबंध नसला तरी बाबेसिया यादीत ठेवा, आणि रक्तपेढीला कळवा. त्याच दात्याचं रक्त दुसऱ्या कोणालाही गेलेलं असू शकतं.

वॉर्डफेरी

दोन गोष्टी वॉर्डमध्ये निसटतात. दोन्ही जीव घेऊ शकतात.

पहिली: पट्टी स्वच्छ झाली, टक्केवारी शून्य, आणि हिमोग्लोबिन मात्र पुन्हा घसरतंय. लगेच 'आजार उलटला' म्हणून औषध वाढवू नका, आधी पट्टी आणि डायरेक्ट कूम्ब्स (तांबड्या पेशींना चिकटलेल्या अँटिबॉडी शोधणारी) तपासणी करा. प्लीहा नसलेल्या काही रुग्णांत आजारानंतर २ ते ४ आठवड्यांनी शरीर स्वतःच्याच तांबड्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी बनवतं. कूम्ब्स पॉझिटिव्ह, पट्टी स्वच्छ, असं असेल तर त्याचा उपचार वेगळा, बहुधा स्टिरॉइडचा. आणि स्टिरॉइड देताना परजीवी लपून नाही ना, याची खात्री पुन्हा पट्टीने करायची.

दुसरी: ज्यांची प्लीहा जागेवर आहे त्यांच्या डाव्या बरगडीखाली किंवा डाव्या खांद्यात अचानक दुखायला लागलं, नाडी जलद झाली, तर प्लीहा फाटली आहे का हे त्याच क्षणी सोनोग्राफीने बघा. बाधा १ टक्क्याच्या खाली असतानाही हे होतं. टक्केवारी कमी आहे म्हणून पोटदुखीकडे दुर्लक्ष करू नका.

श्वास लागणंही उपचार सुरू झाल्यानंतर उद्भवू शकतं. ऑक्सिजन मोजणं पहिले काही दिवस सोडू नका.

रानवाट

गोचिडीबद्दल थोडं. उत्तर अमेरिकेत बाबेसिया मायक्रोटीचा साठा पांढऱ्या पायांच्या उंदरात असतो. हरणांवर प्रौढ गोचिडी पोसल्या जातात, पण हरणांतून हा परजीवी गोचिडीत जात नाही. अंड्यातून निघालेली अळी बाधित नसते. ती उंदराचं रक्त पिते तेव्हा परजीवी घेते, आणि पुढच्या वर्षी निम्फ होऊन माणसाला चावते. परजीवी लाळेत तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून लागण व्हायला गोचीड बहुधा ३६ ते ४८ तास चिकटलेली असावी लागते. रोज अंग तपासण्याचा सगळा फायदा या दीड-दोन दिवसांत आहे. जांघ, काख, गुडघ्यामागे, बेंबी, कानामागे आणि केसांत बघा.

काढायची रीत: बारीक टोकाचा चिमटा, त्वचेला अगदी लागून तोंडापाशी पकड, सरळ वर एकसारखा ताण. पिळायचं नाही, पोट दाबायचं नाही. काडी लावणं, व्हॅसलीन फासणं यात फक्त वेळ जातो. कपड्यांवर ०.५ टक्के परमेथ्रिन, त्वचेवर २० ते ३० टक्के डीट. परमेथ्रिन त्वचेला लावायचं नाही. परत आल्यावर कपडे ड्रायरमध्ये जास्त उष्णतेवर १० मिनिटं फिरवा. नुसत्या धुण्याने गोचीड मरेलच असं नाही.

शंकाकर

सविस्तर उत्तरांबद्दल सगळ्यांचे आभार. एक शेवटचं: औषध थांबवल्यावर पुढे काय?

औषधमात्रा

लिम्फोमा, रिटुक्सिमॅब, प्लीहा नसणे यांत औषध थांबल्यावरही काही आठवडे ठरावीक अंतराने पट्टी काढून घ्या. अंतर डॉक्टर ठरवतील, पण 'काही झालं तर या' एवढ्यावर सोडू देऊ नका. ताप, घाम, काळपट लघवी यांपैकी एक जरी परतलं तर त्याच दिवशी पट्टी आणि काउंट. आधी लाइमची किंवा ॲनाप्लाझ्माची (गोचिडीतून येणारा आणखी एक जिवाणू) तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या. एकाच चाव्यातून दोन आजार येऊ शकतात, आणि त्या दोन्हींना डॉक्सिसायक्लिन लागतं.

रक्तपेढीकर

आणि बरे झाल्यावर रक्तदानाला गेलात तर बाबेसिया झाला होता हे अर्जात लिहा. लक्षणं नसतानाही तो रक्तात महिनोन्महिने राहू शकतो. रक्तपेढी तपासून परवानगी देईपर्यंत थांबा.

नवशिका_लॅब

हॉवेल-जॉलीचा मुद्दा लिहून घेतला. प्लीहा नसलेल्या रुग्णाच्या पट्टीवर यापुढे २००० पेशी मोजल्याशिवाय 'परजीवी नाही' असा शेरा द्यायचा नाही, एवढं आमच्या टेबलापुरतं तरी ठरवतो.

काचपट्टी

@नवशिका_लॅब, उत्तम. रिपोर्टात '२००० पेशी पाहिल्या' हे शब्दही लिहा. उद्या दुसऱ्या कोणी ५०० पाहून 'नाही' लिहिलं, तर वाचणाऱ्याला दोन्हींतला फरक कळेल.